कनिष्ठ स्तराची ५ लाखांची मर्यादा: नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळच्या कट्ट्यावरचा वाद

"व्यापाऱ्याकडे द्राक्षाचे ८ लाख अडकले तर दावा तालुक्याला का लागत नाही?" निफाडकडच्या बापूंच्या या प्रश्नावरून सुरुवात झाली, आणि तालुक्याच्या कनिष्ठ स्तर न्यायालयाची ५ लाखांची मर्यादा वाढवावी का, यावर वाद रंगला. कट्ट्यावर दिवाणी बाजूच्या वकील ताई होत्या, आणि कोर्टातून नाझर (जप्ती-वसुलीचं काम पाहणारा अधिकारी) म्हणून निवृत्त झालेले नाना.

ताई म्हणाल्या, "५ लाखांपर्यंतचा दावा दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तराकडे, त्यापुढचा वरिष्ठ स्तराकडे. वरिष्ठ स्तराला वर मर्यादाच नाही. पण बापू, तुमच्या पैशात आणखी एक अडचण आहे. माल विक्रीचा करार व्यावसायिक वादात धरला गेला आणि रक्कम ३ लाखांच्या वर असली, की प्रकरण व्यावसायिक न्यायालयाकडे जातं. तिथे तातडीची मनाई वगैरे मागायची नसेल तर आधी मध्यस्थी सक्तीची आहे. म्हणजे कनिष्ठ स्तराची मर्यादा उद्या २० लाख झाली, तरी असले वसुलीचे दावे तालुक्याला येतीलच असं नाही."

"मग मर्यादा वाढवून फायदा कोणाला?" बापूंनी विचारलं.

"साठेखतवाल्यांना. १२ लाखांचं साठेखत, म्हणजे पुढे जमीन विकण्याचा करार झाला, मालक खरेदीखत करून देईना, तर करारपूर्तीच्या दाव्याचं मूल्यांकन कराराच्या रकमेवर होतं. लगेच वरिष्ठ स्तर. ज्या तालुक्यात फक्त कनिष्ठ स्तर आहे, तिथल्या माणसाला प्रत्येक तारखेला दुसरं गाव गाठावं लागतं. साक्षीदाराचाही दिवस मोडतो. आज १२ लाखांत किती गुंठे येतात ते बघा आणि मग सांगा की हा मोठा दावा आहे."

नानांना हे पटेना. "ताई, कनिष्ठ स्तराचे साहेब बहुतेक ठिकाणी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारीही असतात. चेक न वटल्याची प्रकरणं, पोटगीचे अर्ज, रिमांड, सगळं त्याच बोर्डावर, म्हणजे त्या दिवशीच्या कामाच्या यादीत. दुपारी रिमांड आला की दिवाणी उलटतपास पुढच्या तारखेवर जातो. त्यात नव्या साहेबांवर मोठ्या रकमेचे दावे कशाला टाकायचे?"

यावर ताईंनी दिलेलं उत्तर या सगळ्या चर्चेचं मर्म आहे, असं मला वाटतं. "नाना, मोठे दावे त्यांच्यापुढे आजही चालतात, फक्त कागदावर ते लहान दिसतात. शेतजमिनीच्या ताब्याच्या दाव्याचं मूल्यांकन बाजारभावावर होत नाही, सातबाऱ्यावरच्या आकाराच्या (शेतसाऱ्याच्या) पटीत होतं. आकार पाच-सात रुपये असला तर पट लावून कितीसा आकडा येणार? नुसत्या कायम मनाईच्या दाव्याचं पैशात मोल ठरवता येत नाही, म्हणून तो १,००० रुपयांवर लावतात. गंगापूर रोडलगतच्या कोटीभराच्या जमिनीचा मनाईचा दावा कनिष्ठ स्तरच चालवतो. ताबा कोणाचा, फेरफार खरा की खोटा, हद्द कुठली, हे सगळं तिथेच तपासलं जातं. कोटीच्या जमिनीवर निकाल देणाऱ्या न्यायाधीशाला १२ लाखांचं साठेखत वाचता येणार नाही, हे म्हणणं टिकत नाही."

"अपिलाचं काय?" बापूंनी विचारलं.

"काही बदलत नाही. वरिष्ठ स्तराच्या १ कोटीपर्यंतच्या दाव्याचं अपील आत्ताही जिल्हा न्यायालयात, आणि कनिष्ठ स्तराचंही तिथेच. मुदत ३० दिवस. कोर्ट फीसुद्धा दाव्याच्या मूल्यावर असते, कोर्टाच्या पायरीवर नाही. मुंबई शहर दिवाणी न्यायालयाची मर्यादा जानेवारी २०२४ मध्ये १ कोटीवरून १० कोटी झाली. तालुक्यालाच ५ लाखांवर का अडकवून ठेवायचं?"

नाना मग दरखास्तीवर, म्हणजे कोर्टाच्या निकालाच्या अंमलबजावणीच्या अर्जावर आले, आणि इथे त्यांचा अनुभव बोलत होता. "हुकूमनामा (निकालाचा आदेश) मिळणं सोपं, वसूल करणं अवघड. जमीन जप्त करायची तर जप्तीचा हुकूम, जाहीरनामा, मग लिलाव. बोली लागली की घेणाऱ्याने २५ टक्के तिथल्या तिथे भरायचे, बाकीचे १५ दिवसांत. नाही भरले तर फेरलिलाव. आणि सगळ्यात जास्त घोळ कुठे होतो, तर जप्तीची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कात वेळेवर पडत नाही. तेवढ्यात ऋणको (पैसे देणं लागणारा) जमीन विकून मोकळा. कायद्याने ती विक्री जप्तीपुढे टिकत नाही, पण नवा खरेदीदार हरकत घेऊन उभा राहतो आणि दरखास्तीत आणखी एक दावा सुरू होतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये दरखास्त ६ महिन्यांत निकाली काढा म्हणून सांगितलं. पण मोजके बेलिफ (नोटीस-जप्ती बजावणारे कोर्टाचे कर्मचारी) सगळा तालुका फिरणार असतील तर कसं व्हायचं? मर्यादा वाढवाल त्याच दिवशी बेलिफ आणि लघुलेखकांची पदंही मंजूर करा."

ताईंनी हे लगेच मान्य केलं. दंडाधिकारी आणि दिवाणी बोर्ड वेगळे करावेत, निदान आठवड्याचे ठरावीक दिवस फक्त दिवाणी पुराव्यासाठी ठेवावेत, यावरही दोघांचं जमलं. आकड्यावर मात्र जमलं नाही. नाना १० लाखांच्या पुढे जाईनात, ताई २५ लाखांच्या खाली येईनात.

शेवटी बापूंनी चालू दाव्यांचं विचारलं. ताई म्हणाल्या, "ती तरतूद दुरुस्ती कायद्यातच स्पष्ट हवी. ज्या दाव्यात मुद्दे, म्हणजे कोर्टाने ठरवायचे वादाचे प्रश्न, निघालेले नाहीत तेवढेच वरिष्ठ स्तराकडून खाली पाठवा. सरतपास (साक्षीदाराची पहिली तपासणी) सुरू झालेला दावा जिथे आहे तिथेच संपू द्या. नाहीतर निम्म्या उलटतपासावर फाइल हलते, निशाण्या (क्रमांक दिलेली कागदपत्रं) शोधण्यात महिने जातात आणि पक्षकाराला नव्या गावी नवा वकील करावा लागतो."

"आणि वर्ग झालेल्या दाव्याची पहिली तारीख," नाना म्हणाले, "दोन्ही पक्षकारांना नोटीस काढूनच लावा. नुसत्या बोर्डावर लावली तर वादी जुन्या कोर्टात बसून राहतो आणि इकडे दावा गैरहजेरीत निकाली निघतो."