इंट्रो दिल्यानं लाज मोडत नाही, भाऊजी

गेल्या रविवारी भाऊजींनी घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला: ‘कॉलेजचं पहिलं वर्ष आणि लाजाळू मुलं: पाच कडू सत्यं’. वर ‘आवर्जून वाचा’, खाली जोडलेले हात. हाच मेसेज मला त्याआधी दोनदा आला होता, दोन्हीदा खोडून मोकळी झाले. पण घरच्या ग्रुपवर भाऊजींची मुलगी, म्हणजे माझी भाचीही आहे. साकोलीची पोर, यंदा नागपुरात इंजिनीअरिंगला आलीय, धरमपेठेत पीजीत राहते. मेसमध्ये भाजी संपली तर कोरडी पोळी खाऊन उठेल, पण मागणार नाही. रात्री साडेदहाला तिचा फोन आला. “मावशी, महिना तर होऊन गेला ना. आता माझा ग्रुप काही होत नाही.”

म्हणून हे लिहायला बसले. आणि सुरुवात चौथ्या सत्यापासून करते, कारण बाकीची नुसती बावळट आहेत, हे घातक आहे.

‘सिनिअर्सना इंट्रो द्यायला घाबरू नका. गाणं म्हणायला, नाचायला लावलं तर हसत करा. त्यानंच भीड चेपते.’

भीड चेपते म्हणे! विद्यापीठ अनुदान आयोगाचे २००९ चे रॅगिंगविरोधी नियम आहेत. त्याच वर्षी मार्चमध्ये हिमाचलात अमन काचरू हा एकोणीस वर्षांचा मुलगा रॅगिंगच्या मारहाणीत गेला, त्यानंतर जूनमध्ये हे नियम आले. त्यांतलं तिसरं कलम रॅगिंग कशाला म्हणायचं ते सांगतं. त्यात मारहाण तर आहेच, पण हेही आहे: विद्यार्थी एरवी जे करणार नाही ते त्याला करायला लावणं, ज्यानं त्याला लाज वाटेल, तो ओशाळेल आणि त्याच्या शरीरावर किंवा मनावर वाईट परिणाम होईल. लाज हा शब्द नियमातच आहे, भाऊजी. ज्याला लाज वाटते त्यालाच चारचौघांत नाचवायचं, आणि वर ‘हसत कर’ असा सल्ला त्यालाच द्यायचा.

आपल्या राज्याचा कायदा तर त्याहून जुना, १९९९ चा. रॅगिंग सिद्ध झालं तर दोन वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड, कॉलेजातून नाव कमी आणि पुढची पाच वर्षं दुसरीकडे प्रवेश नाही. तक्रार येऊनही प्राचार्य हातावर हात ठेवून बसले, तर त्यांनाही कायदा सोडत नाही.

आता खरी गंमत. प्रवेशाच्या वेळी रॅगिंगविरोधी हमीपत्र भरावं लागतं, एक मुलानं आणि एक पालकानं. पालकाच्या हमीपत्रात स्पष्ट लिहिलेलं असतं की मी हे नियम, विशेषतः तिसरं कलम, वाचलं आहे आणि रॅगिंग म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. भाऊजी, ते तुम्ही भरलंय. मी शेजारीच बसले होते.

बुजरं मूल उघडतं ते स्वतःहून टाकलेल्या लहान पावलांनी. आधी बाकावरच्या मुलीला पेन मागायचं, मग कधीतरी सरांना शंका विचारायची. दहा जण हसले की ते पाऊल मागे जातं, आणि कँटीनला जायला पोरगी लांबचा रस्ता धरते. असं काही झालं तर १८००-१८०-५५२२ हा आयोगाचा नंबर चोवीस तास चालू असतो. तो फोनमध्ये सेव्ह करायला मी भाचीला लावलंच.

सत्य पहिलं: ‘पहिल्या महिन्यात ग्रुप झाला नाही तर चार वर्षं एकटे.’ कॅन्सस विद्यापीठाच्या जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये हेच मोजलं होतं, त्यात पहिल्या वर्षाचे विद्यार्थीही होते. साधी मैत्री व्हायला सुमारे पन्नास तास सोबत जावे लागतात, पक्की व्हायला नव्वद, जिवाभावाची व्हायला दोनशेच्या वर. रोज एक तास गप्पा धरल्या तरी महिन्याचे तीसच होतात. म्हणजे पहिल्या महिन्यात जे ‘ग्रुप’ दिसतात ते बहुतेक फोटोपुरतेच.

दुसरं, ‘मराठी माध्यमवाल्यांनी इंग्रजी सुधारेपर्यंत गप्प बसावं.’ यावर मी चिडणारच होते, पण भाची म्हणाली, अडचण इंग्रजीची नाहीच. पहिल्याच आठवड्यात ती ‘मला’ऐवजी ‘मले’ म्हणाली आणि मागून कोणीतरी खिदळलं. आता ती हिंदीतच बोलते, तेही मोजकं. नागपुरात बर्डीच्या बाजारात दोन मराठी माणसंसुद्धा एकमेकांशी हिंदीत भाव करतात, त्या शहरात हे खपूनही जातं. पण वर्गात गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरची पोरं भरलीत. ‘मले’ त्यांच्याही घरी आहेच की.

तिसरं, ‘रूममध्ये बसाल तर रूमच सोबत राहील.’ बरं, हे अर्धं खरं आहे. नाइलाजानं मान्य करते. दर शुक्रवारी गणेशपेठ स्टँडवरून साकोलीची एसटी धरली, तर ते पन्नास तास भरायचे कधी? हे मी भाचीला सांगितलं. तिला आवडलं नाही.

पाचवं प्लेसमेंटबद्दल आहे. फर्स्ट इयरच्या पोरांना. सोडा.

मेसेज टाकून दिवस उलटले, आता तो तुमच्याकडून सगळ्यांसाठी खोडला जाणार नाही. पण तुम्ही तो ऑफिसच्या ग्रुपवरही टाकलाय, ताईनं सांगितलं. तुमच्या शेजारच्या टेबलावरच्यांचा मुलगा यंदाच हॉस्टेलला गेलाय ना? निदान त्यांना तरी एक फोन करा.