आधी दिवा लागतोय का बघा

मिक्सर बिघडला की जळका वास येतो. फ्रिज बिघडला की दूध नासतं. पंखा तर बंद पडण्याआधी आठवडाभर कुरकुरून रीतसर नोटीस देतो. हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम मात्र बिघडला की काहीच करत नाही. आवाज नाही, वास नाही, धूर नाही. बटण दाबावं तर समोर काळा पडदा, त्यात आपलाच चेहरा, आणि तो या वयात फार वेळ बघवत नाही. यंत्राने एकदा स्वतःहून काही सांगायचं नाकारलं की घरातला प्रत्येकजण त्याच्या वतीने बोलायला लागतो.

गेम चिरंजीवांचा. चिनी बनावटीचा, खिशात मावेल एवढा, आत पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचे शेकडो खेळ. दहावीचं वर्ष म्हणून दिवाळीनंतर बायकोने तो कपाटात साड्यांखाली ठेवला आणि किल्ली स्वतःकडे. बोर्डाचा शेवटचा पेपर देऊन कार्टं घरी आलं, बूटही न काढता कपाटापाशी गेलं, आणि दोन मिनिटांत आतून घोषणा आली: "बाबा, आईने मारला याला."

इथून उपचार सुरू झाले.

माझी आई म्हणाली, तांदळात ठेवा. मी म्हटलं, अगं, तो पाण्यात पडलेला नाही. "मग काय झालं? ठेवायला काय जातंय?" आमच्याकडचे तांदूळ वर्षाचे भरलेले, किडीसाठी एरंडेल चोळलेले. रात्रभर त्यात राहून गेम सकाळी बाहेर आला तो न्हाऊमाखू घातल्यासारखा तुकतुकीत, आणि चार्जिंगच्या भोकात कोलमची एक कणी घट्ट बसलेली. बायकोने ती टूथपिकने उकरून काढली आणि न बोलता ओट्यावर ठेवली. तिच्या न बोलण्याचा रोख आईकडे होता, पण अंगावर मलाच घ्यावा लागला.

समोरचे काका वीज मंडळातून निवृत्त झालेत. ते टेस्टर घेऊनच आले. चार्जरच्या प्लगात टेस्टर खुपसला, आतला दिवा लागला. "सप्लाय ओके," काका म्हणाले. "फॉल्ट लोडच्या बाजूला आहे." म्हणजे गेम बिघडलाय. हे निदान करून ते चहा पिऊन गेले.

चिरंजीवांनी व्हिडिओ बघायला घेतले. चालू करायचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा. दाबलं. बारीक छिद्रात पिन घालून रिसेट करा. केलं. मेमरी कार्ड काढून परत घाला. घातलं. त्या सगळ्या बडबडीत एकच वाक्य कामाचं होतं: आधी दिवा लागतोय का बघा. दिवा लागतोय पण पडदा काळा, तर संशय कार्डावर. कारण असल्या यंत्रांचा सगळा कारभार बहुतेक वेळा त्या नखाएवढ्या कार्डावर असतो आणि सोबत येणारं कार्ड अगदी स्वस्तातलं असतं. दिवाच लागत नसेल तर कार्डाला छळू नका, वीजच पोचत नाहीये. आमचा दिवा लागत नव्हता. तरी कार्ड आणखी एकदा काढून सदऱ्याला पुसून घातलं. रिकामं बसवत नाही ना.

आमच्या लहानपणी हे सोपं होतं. नव्वदच्या दशकात घरोघरी तो ठोकळे पाडायचा गेम असायचा, वर '९९९९ इन १' छापलेलं, आत खरे खेळ मोजके आणि बाकी सगळे त्यांचेच वेग बदललेले भाऊबंद. बंद पडला की मागचं झाकण उघडायचं (झाकण शाबूत असेल तर, आमच्याकडे चिकटपट्टी होती), पेन्सिल सेल अंगठ्याने गोल फिरवायचे. तरी नाही चालला तर सेल उन्हात. तरी नाही तर स्प्रिंगवर चढलेला पांढरट-हिरवा थर ब्लेडने खरवडायचा. रोग दिसायचा आणि हाताला लागायचा. आताच्या गेमला झाकणच नाही. सेल आतच चिकटवलेला, लिथियमचा, आणि त्या सेलला नुसतं पडून राहणंही मानवत नाही. भरलेला असताना चार व्होल्टच्या आसपास असतो; महिनोन् महिने पडून झिरपत झिरपत अडीच-तीनच्या घरात उतरला की आतलं संरक्षक सर्किट दार लावून घेतं. मग चार्जर लावल्यावरही बराच वेळ त्याला थोडी थोडी वीज पाजत बसावं लागतं, तेव्हा कुठे तो डोळे उघडतो. निंटेंडो ही जपानी गेम कंपनी आपल्या 'स्विच' नावाच्या हातातल्या गेमबद्दल सांगतेच की वापरत नसलात तरी सहा महिन्यांतून एकदा चार्ज करा. दहावी असलेल्या घरांसाठी ही सूचना लाल अक्षरांत छापायला हवी.

मी बायकोला धीर द्यायला म्हणून वाचून दाखवलं की निंटेंडोच्याच, १९८९ साली आलेल्या 'गेम बॉय' जातीचा एक गेम आखाती युद्धात बराकीवर बॉम्ब पडून होरपळला, त्याचं प्लास्टिक वितळलं, आणि तरी कंपनीच्या न्यूयॉर्कच्या दुकानात काचेत तो वर्षानुवर्षं टेट्रिस दाखवत बसला होता. ती म्हणाली, "बघ. बॉम्ब पडून चालतो, आणि तुमचा माझ्या साड्यांखाली मेला." हे वाचून दाखवायचं नव्हतं.

शेवटी पुण्यातली तपकीर गल्ली, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांची. दुकान म्हणजे जिन्याखालचं दोन हात रुंद टेबल, त्यामागे एक तरुण, मान खाली, हातात सोल्डरिंगची लेखणी.

"काय होतंय?"

"काहीच होत नाही."

"ते झालंच. चार्जर कुठला लावता?"

मी माझ्या फोनचा पासष्ट वॉटचा चार्जर अभिमानाने पुढे केला. त्याने वायरीची दोन्ही टोकं पाहिली, दोन्ही सी, म्हणजे नव्या फोनांना असते ती लंबगोल यूएसबी पिन. मग वायर आणि गेम यांच्यामध्ये बोटभर लांबीचं मीटर जोडून माझ्याकडे वळवलं. ०.०० अँपिअर. टेबलाखालून त्याने एक मळकट वायर काढली, मानेला चिकटपट्टी गुंडाळलेली, एका टोकाला जुनी चपटी यूएसबी. ती एका पिवळ्या पडलेल्या चार्जरला लावली. आकडा हलला. ०.०६. मग ०.०९. "चहा घेऊन या," तो म्हणाला. चहा घेऊन आलो तर लाल दिवा लागलेला.

त्याने सांगितलं ते असं. दोन्हीकडे सी असलेली वायर लावली की चार्जर आधी चौकशी करतो, लग्नाच्या हॉलच्या दाराशी उभे असलेले मामा करतात तशी: तुम्ही मुलाकडचे की मुलीकडचे? यंत्राने आपल्या पिनांवर ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर बसवून उत्तर द्यायचं असतं की मी घेणारा, वाढा. आमच्या गेमच्या कारखानदाराने नेमके ते दोन रेझिस्टर वाचवले. किंमत विचाराल तर पैशांत. त्यामुळे गेम दाराशी मुखदुर्बळासारखा उभा आणि मामा ताट वाढू देईनात, पासष्ट वॉटचा स्वयंपाक तयार असूनही. जुन्या चपट्या यूएसबीला ही चौकशी ठाऊकच नाही. तिथे पाच व्होल्ट कायम वाढायला घेतलेले. पंगतीत बसेल त्याला. युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून फोन, टॅब्लेट, अगदी हातातल्या व्हिडिओ गेमलासुद्धा सी पिन सक्तीची केली, म्हणजे एकच चार्जर सगळ्यांना चालावा. भोकं सारखी झाली, यात वाद नाही.

"किती द्यायचे?"

"पन्नास."

"कशाचे? उघडलाही नाहीत."

"उघडला नाही त्याचेच. उघडला असता तर पाचशे झाले असते." गेम परत देताना त्याने बोटं फडक्याला पुसली. "हा एवढा तेलकट कशाने?" मी सुटे शोधायला लागलो.

गेमच्या खोक्यातच तशी वायर आली होती, वीतभर, आखूड. ड्रॉवर उपसला. नसलेल्या फोनांच्या वायरी सापडल्या, कुणाच्या तरी कॅमेऱ्याची सापडली, ही नाही. सापडली ती देवघरात. आईच्या भजनाच्या स्पीकरला दिवाळीपासून लावलेली. "ती मी देणार नाही," आई म्हणाली, "माझ्या हरिपाठाला बसलीये ती. आणि गेम चालू झालाय ना? तांदळाला थोडा वेळ लागतो, एवढंच." काकांना जिन्यात गाठून सांगितलं तर म्हणाले, "मी आधीच म्हटलं होतं, सप्लाय ओके आहे."

दुसऱ्या दिवशी मी तशी नवी वायर आणली. सीचं टोक गेमला छान बसलं. दुसरं, चपटं टोक लावायला घरातल्या एकाही चार्जरला तसं भोक नाही. नव्या फोनांचे झाडून सगळे सीचे. जुन्या पद्धतीचा चार्जर घरात एकच उरलाय. त्याला स्पीकर लावलेला असतो.