पोरांच्या पबजीला शिव्या देण्याआधी आपलं स्टेटस बघू

आमच्या औसा तालुक्यात कुठल्याही पारावर बसा, थोड्या वेळात कुणीतरी म्हणतंच, "पबजीनं पोरं वाया गेली." मला हे अजिबात पटत नाही, म्हणून आज सविस्तर लिहितोय.

पहिली गोष्ट, पबजीवर 2 सप्टेंबर 2020 लाच बंदी आली. आता पोरं खेळतात ते बीजीएमआय (पबजीचाच भारतासाठी काढलेला अवतार), नाहीतर फ्री फायर मॅक्स. बीजीएमआय 2021 ला आलं, जुलै 2022 मध्ये सरकारनं बंद केलं, 2023 च्या मे महिन्यात परत आलं. अठराच्या आतल्या लेकरांना त्यात दिवसाला 3 तासांची मर्यादा आहे. (बापाच्या नावानं खातं काढून पोरं जास्त खेळतात, हे खरंय. पण ते बापानं बघायचं.)

मी पुतण्याशेजारी बसून हा खेळ नीट बघितलाय, खेळलोय सुद्धा. शंभर जण नकाशावर उतरतात, चौघाचौघांचे स्क्वॉड, आणि वर्तुळ लहान होत जातं. एकजण नॉक झाला, म्हणजे गोळी लागून खाली पडला, की दुसरा गोळ्या झेलत त्याला उठवायला जातो. आपल्याकडची बॅग उघडून औषध देतो. पुतण्याच्या स्क्वॉडमध्ये एक उदगीरचा, एक परभणीचा, एक मालेगावचा. रोज रात्री बोलतात, भांडतात, पण आडनाव अजून कुणी कुणाला विचारलेलं नाही. रात्री जागरण होतं, अभ्यास मागं पडतो, त्यासाठी मोबाईल काढून घ्यावा लागतो आणि आम्ही घेतो. तेवढ्यानं पोरगं वाया जात नाही.

वाया गेली ती मोठी माणसं, पैशांच्या ऑनलाइन रमीच्या नादानं. सोयाबीन अडतीवर घातलं, पट्टी हातात आली, आणि रात्रीतून मोबाईलमधून गेली, अशी घरं मी जवळून बघितलीत. आमच्या भावकीतल्या एकानं पीकविम्याचे पैसे असेच घालवले आणि बायकोला महिनाभर कळू दिलं नाही. 2025-26 साठी सोयाबीनचा हमीभाव 5328 रुपये जाहीर झाला आणि बाजारात त्याच्या खाली माल गेला. अशा वेळी जाहिरातीत कुणी मोठा चेहरा "खेळा आणि जिंका" म्हणतो तेव्हा माणूस भुलतो. म्हणून ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, त्याचं मी मनापासून स्वागत केलं. खेळ चालवणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा, खेळणाऱ्याला मात्र नाही. हे बरोबर केलं. लुटला गेलेल्यालाच परत आत टाकायचं कामून? आणि त्याच कायद्यानं ई-स्पोर्ट्सला खेळ म्हणून मान्यता दिली. सरकारला जुगार आणि खेळ यातला फरक कळला, आपल्या पाराला अजून कळत नाही.

त्याच्या महिनाभर आधी तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटेंचा विधान परिषदेतला मोबाईलवरच्या रमीचा व्हिडिओ गाजला. आपण खेळत नव्हतो, असं ते म्हणाले. कृषी खातं गेलं, क्रीडा खातं मिळालं. आपण मीम्स फिरवले. पण गावागावात रमीनं कर्जात गेलेल्यांचं काय करायचं, यावर एका तरी पुढाऱ्याला कुणी अडवून विचारलं का?

आता दुसरी गोष्ट, आणि ही मला सगळ्यात जास्त लागते. 2024 च्या लोकसभेनंतर बीड जिल्ह्यात मराठा-ओबीसी आरक्षणाच्या वादात फेसबुकवरच्या पोस्टींवरून गावं बंद ठेवली गेली. अमक्याच्या दुकानात जायचं नाही, तमक्याच्या हॉटेलात चहा प्यायचा नाही, इथपर्यंत मजल गेली. आरक्षणावर माझं मत आहे, तुमचंही असेल, ते ठामपणे मांडा. पण हे दुकानबंदीचे मेसेज पोरांनी लिहिलेले नव्हते हो. चाळिशी-पन्नाशीच्या, सकाळी सुविचार पाठवणाऱ्या माणसांनी ते पुढं ढकलले. आमच्या गावच्या ग्रुपवरही आले, आणि ॲडमिननं एकही डिलीट केला नाही.

हे सगळं त्या लातूर-धाराशिवच्या मातीत, जिथं येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, असते! मार्गशीर्षातल्या त्या अमावस्येला लातूर शहराचा बाजार ओस पडतो, अख्खा जिल्हा शेतात असतो. कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा, मग भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, तिळाची पोळी, आणि माठातली गार आंबील. भज्जीत हिरवा हरभरा, तूर, वाल, पालेभाज्या, चिंच, बेसन सगळं एकत्र शिजतं. तिची चव घरच्या गॅसवर येत नाही, हे मी कुणाशीही वाद घालून सांगेन. ज्याला शेत नाही त्याला शेतवाला बोलावतो. रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी माणसाला हाक मारून जेवायला बसवतात, कोण कुठला हे न विचारता. हीच माणसं संध्याकाळी घरी येऊन "त्यांच्या हॉटेलात जाऊ नका" असं स्टेटस ठेवतात, हे मला सहन होत नाही.

आमच्या शेतात येत्या येळवशीला पुतण्याचा सगळा स्क्वॉड येणार आहे. उदगीरवाला दही घेऊन येतो म्हणालाय. ज्यांनी ते मेसेज पाठवले त्या तिघांनाही मी बोलावलंय, नावं इथं लिहीत नाही, त्यांना माहीत आहे. आणि गावच्या ॲडमिनला जाहीर विनंती, ते मेसेज आजच्या आज काढा. काढले नाहीत तर ग्रामसभेत विषय मी मांडणार.