ओव्या मोजल्या, पण कोणाच्या?

बाई, नमस्कार.

तुम्ही नाव लिहिलेलं नाही, ‘निवृत्त मराठी शिक्षिका, नौपाडा’ एवढीच सही आहे, म्हणून बाई म्हणतो. आम्हाला आठवीला मराठी शिकवणाऱ्या बाईही नौपाड्यातच राहायच्या. त्या तुम्हीच निघालात तर आधीच कान धरतो.

माझ्या ज्ञानेश्वरीवरच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, त्याच्या उत्तराला आठ दिवस लागले. ठाण्याहून ऐरोलीला जाता-येता लोकलमध्ये तीनदा लिहिलं आणि तीनदा पुसलं. पहिलं नुसतं चिडलेलं होतं, दुसरं नको तितकं गुळगुळीत, तिसऱ्यात मी स्वतःचीच वकिली करत होतो. हे चौथं.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ज्ञानेश्वरी सांगणारे ज्ञानदेव आणि अभंग रचणारे ज्ञानदेव एकच की दोन, हा वाद जुना. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिवराम एकनाथ भारदे यांनी ‘भारद्वाज’ या नावाने ‘सुधारक’ पत्रात लिहून तो पेटवला. ज्ञानेश्वरीत विठ्ठलभक्ती दिसत नाही आणि अभंग तर विठ्ठलाने भरलेले, हा त्यांचा एक मोठा मुद्दा. मी इंटरनेटवर मिळाली ती ज्ञानेश्वरी घेतली, मिळाली ती अभंगांची गाथा घेतली, आणि ‘तरी’, ‘कां’, ‘जैसें’, ‘तैसें’, ‘म्हणौनि’ असे सहज निसटून जाणारे शब्द दर हजार शब्दांत किती वेळा येतात ते प्रोग्रामने मोजलं. आलेखावर ठिपक्यांचे दोन वेगळे पुंजके दिसले. मग उत्साहाच्या भरात शेवटी लिहिलं, ‘आकडे भारद्वाजांच्या बाजूने बोलतात.’

त्यावर तुम्ही लिहिलंत: ‘ओव्या म्हणजे निवडायला घेतलेले तांदूळ नव्हेत. आणि तुम्ही मोजलेली ज्ञानेश्वरी कोणाची, ज्ञानदेवांची की नाथांनी शुद्ध केलेली? ओवी आणि अभंग यांची तुलना करून कवी दोन म्हणायचं, म्हणजे एका ताटात पोळी दिसली, दुसऱ्यात भाकरी, म्हणून स्वयंपाकीण बदलली म्हणायचं. ज्याने त्याने आपापला विषय सांभाळावा हे बरं.’

मधली दोन वाक्यं मला पूर्ण मान्य आहेत. माझा निष्कर्ष मी मागे घेतो आणि मूळ लेखाच्या डोक्यावर तसं लिहूनही ठेवलं आहे. पहिल्या वाक्याशी थोडी हुज्जत आहे. शेवटच्याशी भांडण आहे, आणि या उत्तराचा बराच भाग त्या भांडणासाठीच.

आधी माझी चूक. ज्ञानेश्वरी शके १२१२ची, म्हणजे १२९०. नाथांनी, म्हणजे संत एकनाथांनी, ती शुद्ध केली शके १५०६मध्ये, म्हणजे १५८४. मधे जवळजवळ तीनशे वर्षं पोथ्या उतरवल्या जात होत्या, आणि उतरवणारा प्रत्येक जण आपल्या काळाचं मराठी बोलत होता. लोक त्यात स्वतःच्या ओव्याही घालत असणार; नाहीतर असं करणाऱ्याने अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे करवंटी, ठेवली, हे सांगायची वेळ नाथांवर का आली असती? पुढे १९०९मध्ये इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी एक पोथी छापली, ती नाथांच्या आधीची आहे असं त्यांचं म्हणणं, आणि तिची भाषा प्रचलित प्रतीपेक्षा वेगळी. माझ्या फाइलवर यातली कोणती प्रत, कोणत्या छापखान्याची, काहीच लिहिलेलं नव्हतं. मी पाहिलंही नाही. शिवाय माझ्या प्रोग्रामला ‘तैसें’ आणि ‘तैसे’ हे दोन वेगळे शब्द वाटतात. कुणीतरी टाइप करताना अनुस्वार गाळले असतील, तर मी ज्ञानदेवांची शैली नाही, त्या टाइप करणाऱ्याचा कंटाळा मोजला.

ही चूक मला नवीन नाही, म्हणून जास्त लाज वाटते. काही वर्षांपूर्वी ऑफिसात जिल्हावार आकड्यांचा तक्ता करत होतो. ठाणे जिल्ह्याची रेघ २०१४पर्यंत वर चाललेली आणि मग एकदम कोसळलेली. मी त्यावर कारणांची दोन पानं लिहिली. बांधकामातली मंदी, लोकांचं स्थलांतर, काय काय. चहा घेऊन येणाऱ्या मामांनी स्क्रीनकडे बघून विचारलं, ‘साहेब, यात आमचं जव्हार धरलंय का?’ नव्हतं धरलेलं. १ ऑगस्ट २०१४ला पालघर जिल्हा वेगळा झाला आणि जव्हार, मोखाडा, विक्रमगड तिकडे गेले. २०११च्या जनगणनेत देशातला सर्वांत जास्त लोकसंख्येचा जिल्हा असलेलं, १ कोटी १० लाखांचं ठाणे आणि आजचं ठाणे, नाव एक आणि जिल्हे दोन. पडलं काहीच नव्हतं, सीमा बदलली होती. ती दोन पानं मी गुपचूप पुसली. ‘ठाणे’ कोणतं हे विचारायला शिकलो, पण ‘ज्ञानेश्वरी’ कोणती हे विचारायला तुम्ही लागलात.

पोळी-भाकरीचा मुद्दा याहून खोल आहे. ओवी साडेतीन चरणांची, पहिल्या तीन चरणांना यमक, अक्षरांची संख्या सैल. अभंगात सहा-सहा-सहा-चार किंवा आठ-आठ असा हिशोब असतो. ‘म्हणौनि’सारखा तीन अक्षरी शब्द तिथे शिरायचा म्हणजे कुणाला तरी बाहेर काढावं लागतं. त्यात ज्ञानेश्वरी ही टीका. मुद्दा मांडायचा, शंका घ्यायची, दृष्टान्तावर दृष्टान्त रचायचे. ‘जैसें’ नि ‘तैसें’शिवाय तिचं पान हलत नाही. चार-पाच कडव्यांच्या अभंगाला इतकी फुरसत कुठली? तेव्हा माझे दोन पुंजके दोन कवींचे असतील किंवा नुसते दोन रचनाप्रकारांचे असतील, आणि माझ्या मोजणीत हे दोन वेगळे करायची काही सोयच नव्हती.

आता हुज्जत. मोजल्याने काव्याचा अपमान होतो असं तुमच्या पहिल्या वाक्यातून वाटतं, तसं मला वाटत नाही. मी जी पद्धत अर्धवट उचलली, तिची मूळ गोष्ट तुम्हाला आवडेल. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या बाजूने १७८७-८८मध्ये ‘पब्लियस’ या टोपणनावाने ८५ निबंध छापले गेले. लिहिणारे तिघे: हॅमिल्टन, मॅडिसन आणि जॉन जे. त्यातले १२ हॅमिल्टनचे की मॅडिसनचे, यावर पुढे दीडशे वर्षं वाद. फ्रेडरिक मॉस्टेलर या संख्याशास्त्रज्ञाने १९४१मध्ये एका सहकाऱ्याबरोबर दोघांच्या वाक्यांची लांबी मोजली. हॅमिल्टनची सरासरी ३४.५५ शब्द आणि मॅडिसनची ३४.५९! एवढ्या कष्टाचं फळ शून्य.

वाट दाखवली ती एका इतिहासकाराने. डग्लस अडेर यांनी १९५९मध्ये मॉस्टेलरना कळवलं की हॅमिल्टन ‘व्हाइल’ लिहितो आणि त्याच अर्थी मॅडिसन ‘व्हाइल्स्ट’ लिहितो. हे त्यांना प्रोग्रामने सांगितलं नव्हतं, कागद वाचून वाचून कळलं होतं. त्या धाग्यावरून मॉस्टेलर आणि डेव्हिड वॉलेस असे शब्द शोधत गेले. ‘अपॉन’ हा शब्द हॅमिल्टनकडे हजार शब्दांत साधारण तीनदा येतो, मॅडिसनकडे क्वचितच. १९६४च्या त्यांच्या पुस्तकात बाराही निबंध मॅडिसनकडे झुकले. आणि बघा, त्यांनी ताडून पाहिलं ते दोघांचं एकाच जातीचं राजकीय लिखाण. पोळीसमोर पोळीच ठेवली होती. मी त्यांच्याकडून शब्द मोजणं तेवढं घेतलं, मोजण्याआधीचं सगळं सोडून दिलं.

मग शेवटचं वाक्य, आपापला विषय सांभाळण्याचं. बाई, हे तुम्ही मला म्हणालात ते सोसेन, पण मराठी माणसाने हे म्हणताना दामोदर धर्मानंद कोसंबींना कुठे ठेवायचं? धर्मानंदांचा मुलगा, पुण्यात फर्ग्युसनला गणित शिकवणारा, आणि हातात तराजू घेऊन आहत, म्हणजे ठसे मारलेली प्राचीन, नाणी तोलत बसणारा. ही चांदीची नाणी, त्यांच्यावर राजाचं नाव नाही, साल नाही, पुढच्या बाजूला पाच ठसे आणि मागे बारीक बारीक खुणा. तक्षशिलेला त्यांचा मोठा साठा सापडलेला. कोणतं नाणं आधीचं नि कोणतं नंतरचं, हे ठशांकडे बघून तज्ज्ञ आपापल्या मताने सांगत.

कोसंबींचा विचार साधा, आणि म्हणूनच मला तो विलक्षण वाटतो. नाणं हातोहात फिरतं तसं झिजतं. एका नाण्याच्या वजनावरून काही कळत नाही, कारण टांकसाळीतूनच ती थोडी कमीजास्त निघतात. पण एकाच जातीची पुष्कळ नाणी तोलली, तर जितकी जास्त फिरली तितकी त्यांची सरासरी खाली येते आणि वजनं एकमेकांपासून जास्त विखुरतात. हे मनचं आहे की खरं, हे पडताळायला त्यांनी त्यांच्या काळातली चलनातली नाणी, ज्यांच्यावर साल छापलेलं असतं, हजारोंनी तोलली. आणि मग आहत नाण्यांच्या मागच्या खुणांकडे वळले. ज्या नाण्यांवर मागे जास्त खुणा, त्यांचं सरासरी वजन कमी. म्हणजे त्या खुणा टांकसाळीच्या नाहीत. नाणं बाजारात फिरत असताना, ठरावीक काळाने तपासून मारलेल्या आहेत. ज्याला लोक ओरखडे समजत होते, ते नाण्याचं वय निघालं.

त्यांचे सगळे निष्कर्ष पुढच्या नाणेतज्ज्ञांनी स्वीकारले असं नाही, पुष्कळ खोडले गेले. पण तोलायला काय घ्यायचं हे त्यांना ठाऊक होतं, कारण सराफाच्या पेढीवर नाण्याचं काय होतं याचा त्यांनी विचार केला होता. आणि याच माणसाने १९४८मध्ये भर्तृहरीच्या शतककाव्यांची चिकित्सक आवृत्ती संपादित केली, पोथ्यांशी पोथ्या ताडून. त्यांचा विषय कोणता म्हणायचा?

उलट उदाहरणही देतो, म्हणजे मी फक्त माझ्या सोयीची माणसं आणली असं वाटायला नको. भांडारकर संस्थेच्या महाभारताचे प्रमुख संपादक विष्णु सीताराम सुखटणकर हे केंब्रिजला गणित शिकलेले, मग बर्लिनला जाऊन संस्कृताकडे वळलेले. बाराशेच्या वर पोथ्या समोर असताना त्यांच्या जागी मी असतो तर काय केलं असतं? ज्या पाठाला, म्हणजे ओळीच्या ज्या रूपाला, जास्त पोथ्या, तो पाठ खरा! सुखटणकरांनी ते केलं नाही. एका पोथीवरून पन्नास उतरवल्या असतील तर पन्नास मतं एकच असतात. त्यांनी पोथ्यांची कुळं लावली आणि एकमेकांपासून दूर वाढलेल्या शाखा, काश्मीरची शारदा लिपीतली आणि दक्षिणेतली, जिथे जुळतात तिथे विश्वास ठेवला. आकडे कुठे थांबवायचे हे गणितवाल्याने ठरवलं. तुम्ही मला ज्या कुंपणाआड राहायला सांगता, ते या दोघांनी पाळलं असतं तर आपलंच नुकसान होतं.

आता पुढचं. नाथांनी एकनाथी भागवत ओवीत लिहिलं आणि अभंगही रचले, आणि नाथ दोन होते असं कुणी म्हणत नाही. तेव्हा माझी तीच मोजणी आधी नाथांवर करायची. नाथांचेही ओवीवाले आणि अभंगवाले असे दोन पुंजके पडले, तर माझी पद्धत छंद मोजते, कवी नाही, हे तिथेच सिद्ध होईल आणि ज्ञानदेवांचा लेख मी काढूनच टाकेन. पडले नाहीत तर पुन्हा बोलू. ही चाचणी खरं तर तुमच्या पोळी-भाकरीच्या वाक्यातूनच सुचली, तुम्ही ती झिडकारण्यासाठी लिहिलेली असलीत तरी.

तिथेच अडलो आहे. गाथेत नाथांच्या नावावर जे आहे त्यातलं निर्विवाद नाथांचं कोणतं धरायचं? भारुडं घ्यायची का? त्यात जोगवा मागणारीपासून महारापर्यंत इतकी सोंगं बोलतात की नाथांचा स्वतःचा आवाज कोणता, हे मला ठरवता येत नाही. गौळणी घ्यायच्या की वगळायच्या? मला वगळाव्याशा वाटतात, पण का, ते सांगता येत नाही. आणि कारण न देता वगळलं तर हवं ते उत्तर मिळेपर्यंत मी वगळतच राहीन, हा माझा स्वभाव मला माहीत आहे. म्हणून यादी तुम्ही करावी. मोजणी मी करायच्या आधी करावी, म्हणजे आकडे बघून बदलायचा मोह दोघांनाही होणार नाही. शंभर अभंग पुरतील, दीडशे मिळाले तर उत्तम.

मी शनिवारी दुपारी ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात असतो, खिडकीकडच्या टेबलाशी. यादी वहीत असली तरी चालेल, टाइप मी करेन, अनुस्वारांसकट.