न विचारता सगळं ओळखायचं कसं

पहिली गोष्ट म्हणजे कोणाला काही विचारायचं नाही. विचारलं की माणूस उत्तर देतो, आणि उत्तर मिळालं की आपण दोन आठवडे खपून उभं केलेलं सगळं एका मिनिटात कोसळतं, मग कशाला ती रिस्क. चर्चमधली एखादी सिस्टर, म्हणजे मंडळीतली बहीण, उपासनेला उशिरा आली, गाण्याला टाळ्या वाजवल्या नाहीत, शेवटच्या बाकावर बसली आणि आशीर्वाद व्हायच्या आत निघून गेली, बास की. एवढ्यावरून तिचा विश्वास कुठवर घसरलाय, घरात काय चालू आहे, दशांश, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा, देते की नाही, सगळं कळतं. डोळे मिटायचे, लांब श्वास सोडायचा आणि म्हणायचं, "मला आत्म्यात काहीतरी जाणवतंय." हे वाक्य पाठच करा. "मला वाटतं" म्हणालात तर कोणीही म्हणेल की बाबा तुला चुकीचं वाटतंय, पण आत्म्यात जाणवलं म्हटल्यावर वाद कोण घालणार, आणि कोणाशी?

बायबलमध्येही आपली माणसं आहेत, घाबरू नका. एली याजक, म्हणजे मंदिरातला पुजारी, घ्या. हन्ना देवापुढे रडतेय, ओठ हलतायत आणि आवाज येत नाहीये, एवढंच बघून त्याने ठरवलं की बाई पिऊन आलीय. मंदिराच्या दारात बसल्या बसल्या निदान! फक्त पुढे त्याने माती खाल्ली. ती म्हणाली मी प्यायले नाही, देवापुढे मन मोकळं करतेय, तर हा लगेच ऐकून मोकळा, वर शांतीने जा म्हणून आशीर्वाद पण दिला. असं करायचं नाही. तिथे म्हणायचं असतं, "पिणारे सगळे असंच म्हणतात."

सगळं गमावून बसलेल्या ईयोबाच्या मित्रांचं पण तसंच. सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, एक शब्द बोलले नाहीत, आणि खरं सांगू का (हे उपरोध बाजूला ठेवून सांगतोय), त्यांचं तेवढंच काय ते बरोबर होतं, तोंड उघडलं आणि घोळ झाला. आपल्याला सात दिवस कुठले परवडतात, शवपेटी खाली टेकायच्या आत आपल्याला कारण सांगायचं असतं. आजार आला, नोकरी गेली, मूल होत नाही, चला पाप शोधा. जन्मांध माणसाला बघून शिष्यांनी हेच विचारलं होतं, पाप कोणाचं, याचं की आईबापाचं, आणि येशूने सांगितलं दोघांचंही नाही. योहान 9 वाचताना तो भाग जरा भरभर वाचायचा.

आणि अंदाज वाईटच बांधायचा असं थोडंच आहे. मोठ्याने प्रार्थना, दर वाक्याला हालेलुया, बायबलच्या पानापानावर चार रंगांच्या रेघा, असा माणूस दिसला की फार चौकशी न करता खजिनदार करून टाकायचा. राजा निवडायला गेलेला शमुवेलासारखा संदेष्टासुद्धा उंचापुऱ्या अलीयाबाला बघून मनात म्हणालाच होता की हाच तो, आणि देवाला सांगावं लागलं की बाबा उंची नको बघू, मी हृदय बघतो. इस्राएलांचा पुढारी यहोशवा, त्याच्याकडे गिबोन गावचे लोक आले, बुरसटलेल्या भाकरी, फाटके बुधले, ठिगळं लावलेले जोडे, आम्ही फार लांबून आलोय म्हणे. इस्राएलांनी भाकरी बघितली आणि करार करून टाकला, देवाला विचारायचं तेवढं राहिलं, तीन दिवसांनी कळलं हे तर शेजारीच राहतात.

खरं तर 1 योहान 4:1 मध्ये पारखायला सांगितलंय ते आत्मे, म्हणजे ही शिकवण कुठून येतेय, ख्रिस्ताबद्दल काय म्हणतेय. पण त्यासाठी वचन उघडावं लागतं, प्रार्थनेत थांबावं लागतं, आणि सगळ्यात त्रासदायक म्हणजे आपण चुकत असू हेही धरून चालावं लागतं. त्यापेक्षा माणसं बरी, समोरच बसलेली असतात.

मग ते पसरवायचं. मत्तय 18:15 सांगतं की भावाने अपराध केला तर त्याला एकट्याला गाठून बोल, आपण त्या एकट्याला सोडून बाकी सगळ्यांशी बोलायचं. याला चुगली म्हणायचं नाही हं, प्रेयर पॉइंट म्हणायचं. "नाव नाही घेत मी, पण कॉयरमध्ये डावीकडून दुसरी, चष्मा लावते ती, तिच्यासाठी माझ्या मनावर फार ओझं आहे."

एक उदाहरण मात्र मुलांना चुकूनही शिकवू नका, यहोशवा 22. यार्देन नदीजवळ इस्राएलाच्या अडीच वंशांनी भलीमोठी वेदी बांधली, हे वेगळे यज्ञ करणार असं धरून बाकीचे वंश भडकले, लढाईला शिलोत जमले पण, आणि कोणाला काय सुचलं, आधी फीनहास याजक आणि दहा सरदारांना विचारायला पाठवलं. वेदी यज्ञासाठी नव्हतीच, पुढच्या पिढ्यांसाठी साक्ष म्हणून होती. अकरा माणसं जाऊन बोलून आली आणि लढाई कॅन्सल.

मी स्वतः या कामात बऱ्यापैकी मुरलेला. आमच्या मंडळीत एक भाऊ प्रभुभोजनाच्या वेळी, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि वाईन घेतात तेव्हा, उठून बाहेर जायचा, पाळकांनी भाकर हातात घेतली की हा दाराबाहेर, आणि बाहेर त्याचा फोन वाजायचा, दर वेळी. 1 करिंथ 11 मला पाठ, अयोग्य रीतीने ते खाल्लं तर दोष लागतो वगैरे, म्हणजे लपवलेलं पाप आलंच, आणि फोन वाजतो म्हणजे बाईचं प्रकरण. आठ जणांना प्रार्थनेला सांगितलं मी. मग एकदा प्याले भरायची पाळी माझ्यावर आली तर हा आदल्या संध्याकाळी दारात येऊन उभा. म्हणाला, "दादा, एका प्याल्यात साधा द्राक्षाचा ज्यूस मिळेल का? वाईनचा वास आला की मला आत थांबवत नाही. पाच महिने झाले सोडून." आणि फोन त्याच्या जुन्या जोडीदाराचा, त्यानेही सोडलेली, तो बरोबर त्या वेळी फोन करून विचारायचा, बाहेर आलास ना रे?

माझ्या हातात बाटली होती. तिला बूच लावायला मला फार वेळ लागला.

(हे त्याला विचारून लिहितोय.) त्या आठ जणांना तेव्हा एवढंच म्हणालो की माझं चुकलं, तसं काही नाहीये. त्यातला एक जण हळूच म्हणाला, "तुझ्यावर कोणी दबाव आणला का?"

आता मी दोन प्याल्यांत ज्यूस ओततो, एक त्याचा, एक माझा, त्याला एकट्याला वेगळा प्याला घ्यायला नको म्हणून. परवा कळलं की उपवास-प्रार्थनेत माझ्यासाठी वेगळी वीस मिनिटं दिली. हा वाईनला हात का लावत नाही, काहीतरी नक्की आहे. मला अजून कोणी विचारलेलं नाही. आत्म्यात जाणवलंय त्यांना.