दोन्ही डावे

"सदर कामगाराने हातमोजे चुकीच्या पद्धतीने परिधान केल्यामुळे सदर घटना घडली."

काल संध्याकाळपासून अपघाताच्या कागदावरचं हे वाक्य डोक्यात गाडीवरच्या भोंग्यासारखं वाजतंय. सदर कामगार म्हणजे मी, घंटागाडीवर कचरा उचलणारा. सदर घटना म्हणजे माझ्या उजव्या तळव्यात, अंगठ्याखालच्या गादीत, कुणाच्या तरी इन्सुलिनची सुई. आणि चुकीची पद्धत काय, ते ऐकाच आता.

4 मार्चला सुरक्षा दिन झाला. कोठीसमोर, म्हणजे आमची हजेरी लागते तिथं, मांडव, सरस्वतीचा फोटो (सुरक्षेचा आणि सरस्वतीचा काय संबंध, पण नारळ फोडायला कुणीतरी लागतं), मागे बॅनर. आम्हाला रांगेत उभं केलं. एकेकाला नवं कोरं जॅकेट घातलं, फोटो काढला, जॅकेट काढून पुढच्याला घातलं. बारा जॅकेटात साठ माणसं सुरक्षित झाली. हातमोजे मात्र खरंच दिले. सुती विणीचे, एका बाजूला रबराचा लेप असतो ते. मी पाकीट फोडलं तर दोन्ही डावे.

मुकादमाला दाखवलं. म्हणला, "हात किती तुला? दोन. मोजे किती? दोन. मग?"

ज्यांनी हे मोजे कधी घातले नाहीत त्यांना सांगतो, डावा मोजा उजव्या हातात घातला की अंगठा अंगठ्यात जातो, सगळं जातं, फक्त लेप येतो हाताच्या पाठीवर आणि तळव्यावर येतं नुसतं सूत. म्हणजे मी पंधरा दिवस कचरा उचलत होतो आणि माझ्या हाताची पाठ एकदम सुरक्षित होती. कुणी मागून येऊन हातावर सुई टोचायचं ठरवलं असतं तर त्याला जमलं नसतं.

रबर असतं तरी सुई आत गेलीच असती, हे मलाही कळतं. त्या लेपाला काच अडत नाही, सुई काय अडणार. पण मग कारण लिहिताना "सुई" लिहा ना! त्या अख्ख्या कागदावर सुई हा शब्द एकदाच आलाय, तोही "सुईसदृश वस्तू" असा. सदृश! माझ्या हातातून उपसून काढली तेव्हा मागे सिरिंज होती, सिरिंजवर आकडे होते. लाल टोपण त्याच पिशवीत भेंडीच्या देठांखाली वेगळं सापडलं. आणखी किती सदृश पाहिजे?

आणि कागद भरला कुणी? सेफ्टीवाल्यानं. नवीन पोरगा आहे, पांढरं हेल्मेट घालून फिरतो. घंटागाडीवर हेल्मेट कशाला, हे मला पहिल्या दिवसापासून कोडं. डोक्यावर पडायच्या पिशव्या आमच्या डोक्यावर पडतात. तिसऱ्या मजल्यावरची काकू "ओ दादा, थांबा!" म्हणते आणि दादा वर बघेपर्यंत पिशवी निघालेली असते. डाळीचं पाणी कपाळावरून ओघळतं तेव्हा काकू वरून "सॉरी हं" म्हणते. लिफ्टनं खाली यायचं तिच्या जिवावर येतं. आम्हाला मात्र त्या लिफ्टमध्ये पाय ठेवायची बंदी. वॉचमननं पाटीच लावलीय: कचरा कर्मचाऱ्यांनी जिना वापरावा. असो. मी सुईवर होतो.

तर त्या पोरानं मला विचारलं, "हातमोजे घातले होते?" मी म्हणलं घातले होते. "दाखवा." दाखवले. त्यानं उलटसुलट करून बघितलं, चेहरा असा उजळला की जसा खुनीच सापडला. "हे तर तुम्ही उलटे घातलेत!" मी म्हणलं, साहेब, दोन्ही डावे आहेत. तो म्हणला, "पण तुम्ही तक्रार नोंदवली होती का? लेखी?" मुकादमाकडं बघितलं तर मुकादम आभाळाकडं बघतोय. मार्चच्या भर उन्हात आभाळात काय होतं कुणास ठाऊक.

पुढचा कागद काढला. त्यावर माझीच सही. "खालील साहित्य सुस्थितीत मिळाले: गमबूट 1 जोड, हातमोजे 2 जोड, मास्क, रेनकोट, जॅकेट." सही माझीच आहे, नाही म्हणत नाही. पगाराच्या दिवशी समोर आलेल्या कागदावर सही करायची असते, वाचायचा नसतो. रेनकोट आला होता दिवाळीत, आणि तो लहान मुलाच्या मापाचा होता. मास्कला नाडी नव्हती. जॅकेट तुम्ही फोटोत बघितलंच. पण कागदावर मी डोक्यापासून पायापर्यंत बंदोबस्तात आहे. अशा माणसाला सुई टोचली तर चूक त्याचीच ना.

तुम्ही विचाराल, पिशवीत हात घालायची गरजच काय? गरज अशी की रॅम्पवर, म्हणजे गाडी रिकामी करतात तिथं, मिक्स कचरा दिसला की गाडी बाजूला घेतात. ओला वेगळा करा, मग आत या. वजनकाट्यावर रांग, ड्रायव्हरमामाच्या शिव्या, जीपीएसवाला कोठीवरून फोन करणार की गाडी चाळीस मिनिटं एका जागी का उभी. म्हणून प्रत्येक सोसायटीत आपण पिशवी फाडायची, हात घालायचा आणि भेंडीतून प्लॅस्टिक, प्लॅस्टिकमधून पॅड, पॅडमधून दाढीचं ब्लेड वेचायचं. घनकचऱ्याचे नियम 2016 ला आले, ते मी मोबाईलवर वाचलेत. सुई, सिरिंज, जुनी औषधं, ट्यूबलाईट, रंगाचे डबे हे घरगुती घातक कचऱ्यात, वेगळे द्यायचे. पॅड गुंडाळून द्यायचं. आणि त्याच नियमांत आमचंही लिहिलंय: गणवेश, चमकणारं जॅकेट, हातमोजे, रेनकोट, बूट, मास्क. "हातमोजे" लिहिलंय. एक उजवा आणि एक डावा असं लिहायचं त्यांना सुचलं नसेल.

पुण्यात त्या 'स्वच्छ' संस्थेच्या कचरा वेचणाऱ्या बायकांनी लाल ठिपक्याची युक्ती काढली. पॅड कागदात गुंडाळा, वर लाल ठिपका काढा, म्हणजे उचलणाऱ्याला आत काय ते कळतं. 2013 ला तर त्यांनी वापरलेले पॅड पिशव्या भरभरून थेट बनवणाऱ्या कंपन्यांना पाठवून दिले होते. घ्या, तुमचा माल. मला ती गोष्ट इतकी आवडते की वाईट दिवशी मी ती मनात परत घडवतो. काल मी त्या सुईचं पार्सल करत होतो. पत्ता सापडेना. ए विंग आणि बी विंग मिळून 48 फ्लॅट.

डॉक्टरनंही तेच विचारलं, "सुई कुणाची होती?" मॅडम, चिठ्ठी नव्हती.

पण डॉक्टर भली होती. कुणीतरी पहिल्यांदा जखमेकडं बघितलं, मोज्याकडं नाही. टीटी दिलं, कावीळ-बीची लस घेतलीय का विचारलं. मी म्हणलं, मॅडम, आम्हाला पगाराची स्लिप मिळत नाही, लस कुठली. एचआयव्ही होऊ नये म्हणून 72 तासांच्या आत गोळ्या सुरू कराव्या लागतात, बरं झालं लगेच आलात म्हणाली. लगेच! सकाळी साडेआठला टोचली, सिव्हिलला पोचलो दुपारी तीनला. आधी मुकादम म्हणला फेरी संपव. मग कोठीवरचे साहेब म्हणले तू आमचा नाहीस, ठेकेदाराचा आहेस. ठेकेदाराचा माणूस म्हणला ईएसआयच्या, म्हणजे कामगार विम्याच्या, दवाखान्यात जा. ईएसआयचा पाऊण टक्का दर महिन्याला पगारातून बिनचूक कापतात, त्यात कधी डावं-उजवं होत नाही, पण कार्ड अजून "प्रोसेसमध्ये" आहे. मुंबईत 2,700 कंत्राटी सफाई कामगारांना आपण कुणाचे कामगार हे ठरवून घ्यायला सुप्रीम कोर्टापर्यंत जावं लागलं, 2017 ला निकाल लागला. मला फक्त तीन वाजेपर्यंत थांबावं लागलं, म्हणजे मी नशीबवानच.

आणि खाडा! खाडा लावला. अर्ध्या दिवसाचा. सिव्हिलच्या रांगेत उभा होतो तो अर्धा दिवस.

आता 28 दिवस गोळ्या. त्यांनी मळमळतं, डॉक्टरनं आधीच सांगितलं, उग्र वास टाळा. मी हसलो तर तिला वाटलं मी गंभीर नाही.

हे सगळं काल रात्री चाळीतल्या पोरांना तावातावानं सांगत होतो. म्हणलं, बूट देत नाहीत, काही देत नाहीत, नुसत्या सह्या घेतात. तर धाकटा भाऊ शांतपणे म्हणला, "दादा, बूट दिले होते की."

दिले होते. गेल्या वर्षी. चांगले काळे, गुडघ्यापर्यंत. ते मी गावी पाठवले. भातलावणीला आण्णा चिखलात अनवाणी उभे राहतात, म्हणलं त्यांना होतील. आण्णांनी ते घालून अख्ख्या भावकीत मिरवलं, लावणी अनवाणीच केली, आणि आता त्यात बियाणं ठेवतात, उंदीर लागत नाही म्हणे. सुरक्षेचं एकमेव धड साहित्य बियाणाला सुरक्षा देतंय आणि मी इथं पॅरागॉनच्या चपलेत कचऱ्याच्या पाण्यात उभा आहे.

मग भाऊ सुटलाच. "आणि तू गाडीच्या मागं एका हातानं लोंबकळत जातोस. दुसऱ्या हातात मोबाईल. मी बघितलंय चौकात." बरोबर आहे. पुढं केबिनमध्ये तिघं बसत नाहीत, हे खरं, पण मोबाईलचं काही मला सांगता आलं नाही. "आणि तंबाखू त्याच हातानं मळतोस." तंबाखूचं मात्र चूक आहे. मोजा काढून मळतो. मोजा घालून मळून बघितलीय, चुना सुतात शिरतो.

असला घरभेदी भाऊ असला की संताप पुरा होत नाही माणसाचा. सेफ्टीवाल्याच्या जागी यालाच घ्यायला पाहिजे, हेल्मेट तरी नको म्हणेल.

तरी एक सांगतो आणि मग झोपतो, पहाटे पाचला उठायचंय. ज्या कुणाच्या घरी इन्सुलिन चालू आहे त्यांनी फिनेलची रिकामी बाटली घ्यावी. सुई तिच्यात. भरली की बूच लावा, वर पेनानं "सुया" लिहा, आमच्या हातात द्या. पाच रुपयेसुद्धा लागत नाहीत. हे मी आज सकाळी त्याच सोसायटीत हात जोडून सांगितलं. लोकांनी ऐकून घेतलं, दोघांनी चहा विचारला, कागदी कपात, आणि एक काका म्हणाले, "पण तुम्ही लोक ग्लोव्हज का घालत नाही हो? एवढे देतात सरकार."

मी काही बोललो नाही. दोन्ही हात वर करून दाखवले. काकांना फरक कळला नाही. त्यांच्या पिशवीतून ट्यूबलाईट बाहेर डोकावत होती, उभी, एका टोकाला फुटलेली.

घरी आईला सांगितलंय की गोळ्या व्हिटॅमिनच्या आहेत. तीन महिन्यांनी परत रक्त तपासायचं, तोपर्यंत हीच थाप. आई खूश आहे, पोरगा एकदाचा तब्येतीकडं बघायला लागला.

आणि हो. मला दोन्ही डावे आले म्हणजे त्याच गठ्ठ्यातून कुणालातरी दोन्ही उजवे आले असणार. हिशोब सरळ आहे. मी सगळ्या गाड्यांवर विचारलं, कुणी कबूल होईना, बहुतेकांनी पाकीटच फोडलेलं नाही, गावी पाठवायचंय म्हणे. ज्याच्याकडं असतील त्यानं सहाच्या आत कोठीवर भेटावं, एक घेईन, एक देईन. माझा एक डावा धुऊन ठेवलाय. सहानंतर गाडी निघते.