सेक्स्ड सिमेनबद्दल फिरणाऱ्या संदेशाचा खुलासा

‘सेक्स्ड सिमेनची कांडी भरली की शंभर टक्के कालवडच होते, पण त्यात जनुके बदललेली असल्याने ती कालवड पुढे गाभण राहत नाही,’ असा संदेश गोपालकांच्या गटांत फिरतो आहे. सेक्स्ड सिमेन म्हणजे कालवडच व्हावी म्हणून शुक्राणू निवडून घेतलेले वळूचे वीर्य; कांडी म्हणजे कृत्रिम रेतनासाठी ते वीर्य भरलेली बारीक नळी. यातली दोन्ही विधाने चुकीची आहेत.

यात जनुकांना कोणी हात लावत नाही. वळूच्या वीर्यात एक्स आणि वाय असे दोन प्रकारचे शुक्राणू असतात; एक्समुळे कालवड होते, वायमुळे गोऱ्हा. एक्समध्ये डीएनए सुमारे ४ टक्के जास्त असतो. शुक्राणूंना विशिष्ट रंगद्रव्य लावून लेझरसमोरून नेले की एक्स किंचित जास्त चमकतो आणि यंत्र त्यांना वेगळे काढते. म्हणजे ही नुसती निवड आहे. १९८९ साली अमेरिकेच्या कृषी खात्याच्या बेल्ट्सव्हिल केंद्रातील संशोधकांनी या पद्धतीने सशांची पिल्ले मिळवली. गायी-म्हशींत तिचा वापर त्यानंतर आला. अशा कालवडी इतर कालवडींसारख्याच माजावर येतात, गाभणही राहतात.

शंभर टक्क्यांची हमी मात्र कोणी देत असेल तर सावध राहा. कालवड होण्याचे प्रमाण साधारण ९० टक्के असते, गोऱ्हा होऊ शकतो. शिवाय कांडीत शुक्राणू कमी असतात (साध्या कांडीत सुमारे २ कोटी, यात बहुधा २०-४० लाख) आणि वर्गीकरणात त्यांना ताणही बसतो, म्हणून गर्भ राहण्याचे प्रमाण घटते. त्यामुळे ही कांडी निरोगी कालवडीला किंवा पहिल्या-दुसऱ्या वेताच्या गायीला, माज नीट ओळखूनच भरावी. वारंवार उलटणाऱ्या (रेतन करूनही गाभण न राहता पुन्हा माजावर येणाऱ्या) गायीवर ती वापरणे म्हणजे पैसे वाया.